लोखंडाचं सोवळं

सिग्नल तात्यांच्या घरी जायचं म्हणजे आधी अंगावरचं लोखंड उतरवायचं.

रहिमतपूरच्या बाहेर, कोरेगावच्या रस्त्याला त्यांचं एकट्याचं कौलारू घर होतं. रस्त्याच्या कडेला चिंच आणि चिंचेच्या फांदीला टांगलेली वेताची बुट्टी. किल्ल्या, चाकू, अडकित्ता, छत्री, कमरेचा पट्टा, जे काही लोखंडी असेल ते बुट्टीत टाकायचं, सायकल चिंचेला टेकवायची आणि मग तीस पावलं चालून दाराशी यायचं. दारात तात्या उभेच. खाली धोतर, वर फौजेतला जुना खाकी शर्ट आणि त्याला घरी कोरून लावलेली लाकडी बटणं.

"लोखंड? ओव्हर."

तात्यांची सारी नोकरी फौजेच्या सिग्नल तुकडीत, वायरलेसच्या सेटवर गेली होती. सेटवर आपलं बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं आणि मग समोरच्यानं बोलायचं. पेन्शनीत आल्यावर सेट गेला, 'ओव्हर' राहिलं. तात्यांनी ओव्हर म्हणेपर्यंत मध्ये तोंड उघडलं तर ते हात वर करून थांबवत. भाजीवालीशी घासाघीससुद्धा अशीच चाले. ती बिचारी वांगी हातात धरून ओव्हरची वाट बघत उभी असे.

गावानं या प्रकाराला 'तात्यांचं लोखंडाचं सोवळं' असं नाव दिलं होतं, आणि ते कडक होतं. न्हाव्याला घरात प्रवेश नव्हता, तात्या स्वतः चिंचेखाली जाऊन दाढी करवून घेत. एकदा लग्नाचं आमंत्रण द्यायला नवरदेव स्वतः आला, हातात कट्यार घेऊन. नवरदेवाच्या हातातली कट्यार कधी खाली ठेवतात का? तात्या म्हणाले, मग आमंत्रण रस्त्यावरनं ओरडून दे. त्यानं दिलं. तात्यांनीही दारातून ओरडून आशीर्वाद दिला, वर ओव्हर म्हणाले.

कल्हई आणि स्टोव्हदुरुस्ती करणारे कासमभाई हे तात्यांचे जिवलग. तेही सोवळ्यातून सुटले नव्हते. एक दिवस ते दारातच अडून बसले. म्हणाले, "तात्या, डाक्टर म्हनतो मानसाच्या रगतात बी लोखंड असतंय. त्ये कुटं काडून ठेवू?"

तात्यांनी जरा विचार केला. "तेवढं चालंल. ओव्हर."

फौजेतला एक जुना सोबती एकदा मुद्दाम मेढ्याहून भेटायला आला. त्याच्या मांडीत लढाईतला लोखंडाचा तुकडा कायमचा रुतलेला. तात्यांनी त्याला आत घेतलं नाही. मात्र घोंगडं घेऊन स्वतः चिंचेखाली आले, चहा तिथं, जेवण तिथं, आणि दुपार कलेपर्यंत दोघं म्हातारे रस्त्याच्या कडेला बसून हसत होते. मी हे पाहिलं होतं. पाहून त्यातून काही शिकायला हवं होतं. शिकलो नाही, म्हणून तर हे लिहितो आहे.

हे सगळं एका सुईसाठी होतं. शिवणाची साधी सुई, चुंबकावर घासलेली. लोणच्याच्या काचेच्या बरणीत रेशमाच्या एका धाग्यावर ती आडवी टांगलेली असे. तिला तात्यांनी नखाएवढा आरसा चिकटवला होता. समोर पितळेची समई. ज्योतीचा उजेड आरशावर पडून पलीकडच्या भिंतीवर कवडसा उमटे आणि भिंतीवर खडूनं रेघा मारलेल्या असत. सुई केसभर हलली तर भिंतीवरचा कवडसा बोटभर सरके. कवडसा कुठल्या रेघेवर आहे ते तात्या एका वहीत वेळेसह लिहीत. दिवसा, दर पाच मिनिटांनी.

माझी त्यांची ओळख शाळेच्या खिडकीतून झाली. मी हायस्कूलात भूगोल आणि इंग्रजी शिकवायचो. ध्रुवीय प्रकाशाचा धडा चालला होता. ध्रुवांजवळच्या प्रदेशात रात्री आकाशात रंगीत प्रकाशाचे पडदे दिसतात, असं मी पुस्तकातलं वाचून दाखवत होतो. खिडकीबाहेरून आवाज आला:

"गुरुजी, आन दिवसा त्ये कुटं जातंय? ओव्हर."

सगळा वर्ग हसला. मला राग आला, कारण उत्तर मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी तो प्रश्न मला चावायला लागला आणि मी चौकशी करत तात्यांच्या घरी गेलो.

हिमालयातल्या एका ठाण्यावर असताना तात्यांनी एकदा उत्तरेचं आकाश तांबडं झालेलं पाहिलं होतं. त्या दिवशी दुपारपासून सेट नुसता खरखरत होता. कुणाचा आवाज कुणाला पोचत नव्हता. सगळ्यांना वाटलं, लांब कुठंतरी वणवा लागला आहे. त्यांचा साहेब शिकलेला होता. त्यानं सांगितलं, हा सूर्याचा उद्योग आहे. तात्यांनी साहेबाला विचारलं, हे दिवसा कुठं जातं? साहेब म्हणाला, कुठं जात नाही, असतंच. उन्हामुळं दिसत नाही.

त्या एका वाक्यानं या माणसाचं उरलेलं आयुष्य व्यापलं. 'असतंच, दिसत न्हाई' हे त्यांचं पालुपद होऊन बसलं. एसटी आली नाही, असतंच, दिसत न्हाई. आमटीत मीठ नाही, असतंच, दिसत न्हाई. देव आहे का, असं कुणी विचारलं तरी तेच.

"पर त्याचा आन सुईचा काय संबंध?" असं गावात कुणी विचारलं की तात्या खुलत. पावसात शेतकरी पोत्याची खोळ डोक्यावर घेतो, ती ते स्वतः घेऊन दाखवत. भर उन्हात.

"ही माती म्हंजे एक लय मोठं चुंबक हाय. तिनं अंगाभवती अशी खोळ घेतलीया. सूर्याकडनं वारं सुटतंय, साधं न्हवं, इजेचं वारं. त्ये खोळीवर आपटतंय. फुडनं खोळ दबती, मागं लांब शेपूट सुटतं. आता बघा, खोळीला हितं, दोनी टोकांशी, फट ऱ्हाती. दिवसाच्या बाजूला. त्या फटीतनं वारं आत शिरतंय आन तितलं आकाश भर दुपारी पेटतंय. दिसत न्हाई, पर पेटतंय. आन खोळ हलली की हितं माजी सुई हलती. मला आकाश दिसत न्हाई, सुई दिसती. ओव्हर."

मी भूगोलाचा शिक्षक. माझ्या आयुष्यात पृथ्वी एवढी जिवंत कुणी दाखवली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी सव्वासातला तात्यांकडे जाऊ लागलो. चहा, अर्धा-पाऊण तास गप्पा, मग शाळा. पाच वर्षं.

आकाशाकडे बघायचं वेडही तात्यांनी सोडलं नव्हतं. कासमभाईंनी त्यांना तांब्याची हातभर लांब नळी करून दिली होती, आतून काजळी धरलेली. सांगलीहून आणलेली तांबडी काच पुढं लावून तात्या रोज दुपारी त्यातून आकाश बघत. आपल्याकडे ध्रुवांजवळच्यासारखं काही दिसणार नाही, हे त्यांना माहीत होतं. पण सगळीकडचंच आकाश दिवसासुद्धा स्वतःचं थोडं उजळत असतं, असं कुठंतरी त्यांच्या वाचनात आलं होतं. 'तात्याला दिवसा तारे दिसाय लागले' म्हणून गाव हसे. तात्या शांतपणे सांगत, तारे न्हाईत, त्याच्या अलीकडचं.

आता बहात्तर सालच्या ऑगस्टकडे येतो.

त्या वर्षी पाऊस आला नव्हता. ऑगस्टात आमच्याकडे सूर्य औषधाला दिसत नाही, पण त्या साली आकाश घासलेल्या परातीसारखं लख्ख. असं आकाश तात्यांना जन्मात मिळालं नसतं. त्यांनी नळी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "लोक ढग बघाय वर बघत्यात गुरुजी. त्यांच्या म्होरं मी निरभ्र आकाश बघत कसा बसू?" फक्त सुई चालू राहिली.

पहिल्या आठवड्यातला शुक्रवार. आम्ही नुकता दुसरा चहा घेतला होता. आठला दहा मिनिटं असतील. तात्यांनी सवयीनं भिंतीकडे पाहिलं आणि त्यांची बशी हातातच राहिली.

कवडसा चालला होता. रेघ ओलांडून, दुसरी ओलांडून, तिसरी. मग मागं फिरला, थरथरला आणि पुन्हा सुटला. पाच वर्षांत तो मी कधी चार बोटांपलीकडे गेलेला पाहिला नव्हता. आज तो खडूच्या रेघा संपवून कोनाड्यात शिरला, तिथून परत आला, पुन्हा गेला. तात्या उठून उभे राहिले. त्यांनी श्वास रोखला होता, मीही. आपल्या श्वासानं सुई हलेल अशी भीती.

"खोळ दबली," ते हळूच म्हणाले. "गुरुजी, खोळ दबली. आत्ता, ह्या घडीला तिकडं आकाश पेटलं असंल. भर उजेडात."

आणि मग तो साठीतला माणूस माझे दोन्ही हात धरून त्या खोलीत लहान मुलासारखा नाचला. मीही नाचलो. समई विझू नये म्हणून जपून नाचलो एवढंच.

ताबडतोब पत्र लिहायचं ठरलं. कोकणात समुद्राकाठी चुंबकाची सरकारी वेधशाळा होती. तिथं या क्षणाची नोंद असणारच. आपली वेळ त्यांच्या वेळेशी जुळली, तर ही बरणीतली सुई खरी ठरणार होती. तात्या मराठीत सांगत गेले, मी इंग्रजीत लिहीत गेलो. नऊच्या टपालात टाका, म्हणाले. आयुष्यभर लोकांचे निरोप पोचवले, आता माझा एक पोचू दे.

पत्र खिशात घालून मी सायकल घ्यायला घरामागं गेलो.

इथं एक सांगायला हवं. सगळ्यांच्या सायकली चिंचेखाली, पण माझी घरामागच्या भिंतीला. पहिल्याच दिवशी तात्या म्हणाले होते, तुमी मागं लावा, सावली हाय. हा मान मी मोठ्या तोऱ्यात मिरवला होता. त्या वेळी सुई पुढच्या सोप्यात असायची. आठवड्याभरातच, रस्त्यावरनं एसटी गेली की ती हलते म्हणून तात्यांनी तिला मागच्या खोलीत नेलं. माझी सायकल मात्र होती तिथंच लागत राहिली. हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

त्या दिवशी आलं. कारण शेजारच्या हौसाआक्कांनी आपली शेळी माझ्या सायकलीच्या हँडलला बांधली होती. शेळी भिंतीवरच्या वेलाला तोंड पोचवायला जिवाच्या आकांतानं ओढ घेत होती. प्रत्येक हिसक्यासरशी सायकल पुढं येत होती, मागं जात होती. आणि त्या मातीच्या भिंतीच्या पलीकडे, दोन हातांवर, बरणी होती.

सूर्याचं वादळ म्हणजे हौसाआक्कांची शेळी!

त्या क्षणी परत आत जायला हवं होतं. गेलो नाही. आतून तात्यांचा आवाज येत होता, ते एकटेच फौजेतलं कुठलंतरी गाणं म्हणत होते. मला धीर झाला नाही. पत्र टाकलं तर वेधशाळेतले लोक हसतील, न टाकलं तर तात्या वाट बघतील. मी पत्र शाळेच्या नकाशाच्या पुस्तकात ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून तात्यांकडे जाणंच बंद केलं. ताप, परीक्षा, पाव्हणे, काय काय सांगितलं. ते पोस्टमनला रोज थांबवून विचारतात, हे कानावर यायचं. मी रस्ता बदलला.

दिवाळीत बहिणीकडे सांगलीला गेलो. तिच्या शेजारी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे एक प्राध्यापक राहायचे. फराळाला माणसं जमली होती. आणि तिथं मी, ज्याला या गोष्टीनं तीन महिने झोप नव्हती, तीच गोष्ट विनोद म्हणून सांगितली. बुट्टी, ओव्हर, बरणी आणि शेवटी शेळी. सगळे पोट धरून हसले. माझ्या पापांची यादी केली तर हे पहिलं येईल. पत्र दडवलं ते भीतीपोटी, हे मात्र चकलीला तोंडी लावायला.

एकटे प्राध्यापक हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कुठला दिवस म्हणालात? आणि किती वाजता?"

मी सांगितलं. ते आत जाऊन एक परदेशी मासिक घेऊन आले. त्या शुक्रवारी सकाळी, आपल्या घड्याळानं आठच्या सुमाराला, जगभरच्या वेधशाळांमधल्या सुया हलल्या होत्या. अलीकडच्या काळातलं मोठ्यात मोठं सूर्याचं वादळ. अमेरिकेत टेलिफोनच्या तारा बंद पडल्या होत्या.

"त्या गृहस्थांची वही अजून आहे का?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी निघालो. घरी न जाता एसटीतून थेट चिंचेशी उतरलो. पिशवी बुट्टीत ठेवली. तात्या दारात होते. 'लोखंड?' म्हणाले नाहीत. नुसते बाजूला झाले.

मी बसलोही नाही. "तात्या, पत्र मी टाकलंच नाही," म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं. सायकल, शेळी, नकाशाचं पुस्तक. सांगलीला हसलो तेही. ते ऐकत राहिले. माझं संपल्यावर मलाच ओव्हर म्हणावंसं वाटलं.

तात्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं, रडतात. ते हसत होते.

"शेळी?" ते म्हणाले. "आवं गुरुजी, त्या शेळीला मी आज वळखतो व्हय?"

त्यांनी वही काढली, त्या शुक्रवारचं पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. ओळीनं वेळा आणि पुढं खुणा. सात पस्तीसला लिहिलं होतं, 'शे.'

"आक्का तिला अधनंमधनं तुमच्या सायकलीला बांधती, तुमी निघायच्या आत सोडती. ती वढती तवा कवडसा असा झुलतो, झोपाळ्यागत, दोन बोटं हिकडं, दोन बोटं तिकडं. आन ह्ये बघा, सात पन्नास. ह्यो सूर्य. तुमी सायकल नेली, शेळी आक्कानं नेली. तरी ह्यो दिवसभर नाचत हुता. तुमी शाळेत पोरांना बडवत हुता तवाबी. दुसऱ्या दिवशीबी. एकदा इचारायचं तर हुतं."

खरंच. एकदा विचारायचं तर होतं. अपराधी माणूस एवढंच करत नाही.

वहीत 'शे.'च्या वर, सव्वासातला, आणखी एक खूण होती. 'गु.' मी मागचं पान उलटलं. सव्वासात, गु. त्याच्या मागचं. गु. मी उलटत गेलो, मग फळीवरच्या जुन्या वह्याही काढल्या. पाच वर्षं रोज सकाळी सव्वासातला गु.

"हे काय?"

तात्यांनी वही माझ्या हातातून घ्यायचा प्रयत्न केला. मी दिली नाही.

"तुमची सायकल भिताडाला लागली की कवडसा बोटभर डावीकडं सरकतो," ते बरणीकडे बघत म्हणाले. "मग मी आधण ठेवतो."

"म्हणजे पहिल्यापासून तुम्हाला माहीत होतं? मग सायकल चिंचेखाली लावा, असं सांगायचं नाही का? रोजची अर्ध्या-पाऊण तासाची नोंद बिघडली."

"बिघडती. खरं हाय," तात्या म्हणाले. "पर..."

मी वाट बघितली. ओव्हर आलं नाही.

मी वहीची पुढची पानं उलटली. त्या शनिवारपासून कालपर्यंत. प्रत्येक पानावर त्यांनी सव्वासात लिहिलं होतं आणि वेळेपुढं एक छोटी आडवी रेघ ओढली होती. पुढं काही नाही. तीन महिने एक दिवस न चुकता.

पत्र त्याच दिवशी गेलं, उशिराबद्दल माझ्या कबुलीसह. वेधशाळेचं उत्तरही आलं. वेळ जुळली होती, फक्त दोन मिनिटांचा फरक होता. तात्यांनी ते कार्ड वहीत खोचलं आणि घड्याळ दोन मिनिटं पुढं केलं. गावानं सोवळ्याची चेष्टा करणं थोडं कमी केलं. कासमभाईंनी बुट्टीला नवी तांब्याची कडी बसवून दिली.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या सकाळचं. सायकल घेऊन मी चिंचेशी आलो. किल्ल्या बुट्टीत टाकल्या. सायकलही तिथंच लावावी असं वाटलं. एवढं सगळं समजल्यावर शास्त्राच्या दृष्टीनं तेच बरोबर होतं. क्षणभर थांबलो. मग ती ढकलत घरामागं नेली आणि भिंतीला टेकवली. सव्वासात झाले होते. कडी वाजवायला हात वर केला, तोच आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला.